अनुदान खातेदाराला, नुकसान कसणाऱ्याला

सप्टेंबर २०२५ च्या पावसानं मराठवाड्याचं काय केलं ते नव्यानं सांगायला नको. आमच्या गावातलं एक जोडपं तीन एकर रान बटईनं, म्हणजे वाट्यानं, करतं. मालक पुण्याला नोकरीला. बियाणं, खत, फवारणी, सगळा खर्च निम्मा-निम्मा, राबणूक मात्र पूर्ण या दोघांची. सोयाबीन पाण्यात उभं सडलं, शेंगांना झाडावरच कोंब फुटले. पंचनाम्याला त्या बाईनं गुडघाभर चिखलातून नेऊन रान दाखवलं. नुकसानीचं अनुदान जमा झालं मालकाच्या खात्यावर, कारण सातबारा त्याच्या नावावर.

"मालकाला पैसे मागितले का?" मी तिला विचारलं.

"कसं मागावं दादा? मागितले तर पुढच्या साली रान दुसऱ्याला देतील."

हे ऐकल्यापासून मन शांत नाही.

पीएम किसानचं तेच. २०१९ पासून केंद्राचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,०००. रक्कम पुरते की नाही यावर आपण पारावर तासन्‌तास बोलतो. डीएपी खताची गोणीच १,३५० रुपयांना, तेव्हा ते बोलणंही रास्त आहे. पण दोन्ही योजनांची पहिली अट जमीन नावावर असण्याची. बटईनं किंवा ठोक्यानं, मक्त्यानं (ठरलेली रक्कम देऊन) करणाऱ्याला त्यातला एक रुपया मिळत नाही. आता फार्मर आयडी (शेतकऱ्याचा ओळख क्रमांक) आला, तोही सातबाऱ्याला जोडलेला. म्हणजे पुढच्या प्रत्येक योजनेत हा माणूस दाराबाहेरच.

मालकांना मी खलनायक ठरवत नाही. कसणाऱ्या कुळाला जमिनीचा हक्क देणाऱ्या कूळ कायद्यात जमीन गेल्याच्या गोष्टी त्यांनी बापाकडून ऐकल्यात. कागद केला, पीकपेऱ्यात (सातबाऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीत) दुसऱ्याचं नाव लागलं, तर उद्या हा कूळ म्हणून उभा राहील ही भीती घराघरात आहे. म्हणून बटई तोंडी ठरते, पाडव्याला, चहा पिता पिता. तोंडी व्यवहाराला ना पीककर्ज मिळतं ना नुकसानभरपाई.

यातून वाट निघते. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये कायदा केला: ११ महिन्यांचा करार, कसणाऱ्याला कार्ड, आणि मालकाच्या हक्काला धक्का नाही. तिथं मालकाची सही लागते आणि बरेच मालक ती देत नाहीत, हा त्यातला कच्चा दुवा. ओडिशानं शेतकऱ्यांना मदत देणाऱ्या कालिया योजनेत वाटेकऱ्यांनाही धरलं. नीती आयोगाच्या टी. हक समितीनं तर २०१६ मध्येच जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा राज्यांपुढे ठेवला होता. आपल्याकडे २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. मोबाईल बांधावर नेऊन पिकाचा फोटो काढता येतो, मग ते पीक कोणी पिकवलं हे का नोंदवता येऊ नये?

माझं मागणं साधं आहे. पंचनाम्यात आणि ई-पीक पाहणीत कसणाऱ्याच्या नावाचा रकाना हवा. नोंद त्या हंगामापुरती, ग्रामसभेसमोर खातरजमा केलेली. त्यातून कुळाचा हक्क लागणार नाही हे कायद्यातच स्पष्ट लिहावं. आणि पिकाच्या नुकसानीचा पैसा ज्याचं पीक गेलं त्याच्या खात्यावर, खर्चातल्या वाट्याप्रमाणे. जमीन खरडून गेली तर त्याची भरपाई मालकाची, त्याबद्दल वाद नाही.

शहरात राहणाऱ्या खातेदार मित्रांनो, कायदा होईपर्यंत थांबू नका. खात्यावर पिकाचं अनुदान आलं असेल तर आजच बटईदाराला फोन करा, त्याच्या मागण्याची वाट बघू नका.

१ मेच्या ग्रामसभेत हा ठराव मी आमच्या गावात मांडणार आहे. कुणाला आपल्या गावात मांडायचा असेल तर कमेंटमध्ये कळवा, मसुदा पाठवतो.