‘ज्याच्या गावात क्लब नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मोहन बागान या कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबवरच्या माझ्या मागच्या लेखाला एक प्रतिक्रिया आली आहे. खाली नाव नाही, नुसतं ‘एक वाचक, पुणे’. लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएलमध्ये एटीके नावाचा संघ असलेले उद्योगपती संजीव गोएंका यांनी 2020 मध्ये मोहन बागानचा मोठा हिस्सा घेतला आणि त्याच्या नावापुढे एटीके लावलं. क्लब विकत घेता येतो, पण त्याचं नाव आणि रंग मालकाने केलेले नसतात, तेव्हा त्यांना हात लावण्याआधी समर्थकांना विचारायला हवं, असं मी लिहिलं होतं. एवढंच. त्यावर वाचकमहोदय लिहितात :

‘लेख भाबडा आहे. क्लब चालवायला दरसाल कोट्यवधी लागतात, ते समर्थक देणार का? 2020 मध्ये गोएंका आले नसते तर मोहन बागान आयएसएलमध्ये दिसला असता का? 2021 मध्ये कलकत्त्याच्याच ईस्ट बंगाल क्लबचे समर्थक कंपनीशी करार करा म्हणत आपल्याच पदाधिकाऱ्यांविरुद्ध रस्त्यावर उतरले, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. एटीके हे नाव ट्रॉफी जिंकली त्या रात्री गेलं, हेही चूक. ते 1 जूनपासून गेलं. मुळात ज्याच्या गावात एक धड क्लब नाही त्याने क्लबच्या अस्मितेवर प्रवचन झोडू नये. पोहे-जिलबी खावी, क्रिकेट बघावं. आणि जमल्यास मराठी सुधारावं.’

तारखेचं आधी उरकतो. 18 मार्च 2023 ला गोव्यात फातोर्ड्याला, आयएसएलच्या अंतिम सामन्यात, मोहन बागानने बंगळुरूला पेनल्टीवर हरवलं आणि त्याच रात्री संजीव गोएंकांनी सांगितलं की नावातलं एटीके जाणार. अंमल 1 जूनपासून. मी ‘त्या रात्री गेलं’ असं लिहिलं होतं. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करतो, यापुढचं वाचताना तेवढं लक्षात असू द्या.

मराठीचंही सांगून टाकतो. आमच्याकडे जलेबी म्हणतात. चार पिढ्या इंदुरात काढल्या की बोलण्यात हिंदी येते, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. रामबागेतल्या माझ्या आजीला ‘अहो, जरा रुका’ म्हणताना ऐकून पुण्याचे पाहुणे हसायचे आणि मग तिच्याच हातचे चार लाडू जास्त खायचे. विषय फुटबॉलचा होता, मराठीचा नव्हता. तुम्ही काढलात म्हणून.

आता ते मुख्य वाक्य. ‘ज्याच्या गावात एक धड क्लब नाही.’ मी ते दोन दिवस वाचतोय. बायको म्हणाली सोडून द्या. सोडून देणार होतो, पण त्यात ‘धड’ हा शब्द आहे.

क्रिकेट बघा म्हणता, तर क्रिकेटपासूनच घेऊ. या गावाचा एक संघ होता. होळकर नावाचा. त्याने चार वेळा रणजी करंडक आणला. सी. के. नायडू कर्णधार, मुश्ताक अली तर इथलेच. 1944-45 च्या अंतिम सामन्यात, मुंबईत, मुंबईविरुद्ध, होळकरांपुढे 867 धावांचं लक्ष्य होतं आणि महूच्या छावणीत नेमणुकीवर असलेला एक इंग्रज सार्जंट 249 वर नाबाद राहिला. डेनिस कॉम्प्टन. सामना हरलो ती गोष्ट वेगळी. हा कॉम्प्टन लंडनच्या आर्सेनल क्लबचा फुटबॉलपटूही होता, 1950 चा एफए कप, म्हणजे इंग्लंडचा मोठा फुटबॉल करंडक, जिंकलेल्या संघात तो होता. म्हणजे इंदूरकडून खेळलेल्या माणसाच्या हाती एफए कप लागला आहे. पुण्याचा हिशोब तुम्ही सांगा.

त्या सामन्याची एक गोष्ट कॉम्प्टनच्या नावावर सांगतात. एका धनवान व्यापाऱ्याने त्याला कबूल केलं होतं की शंभराच्या पुढे प्रत्येक धावेला पन्नास पौंड देईन. दीडशेच्या आसपास धावा शंभरापलीकडे झाल्या. हा पैसे मागायला गेला तर चिठ्ठी : क्षमस्व, तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावं लागलं. खरी किती, मीठमसाला किती, देव जाणे. पण खेळात पैसेवाला आला की मला ती चिठ्ठी आठवते. त्याचं तातडीचं काम कधी निघेल ते सांगता येत नाही.

आणि होळकर संघ गेला कुठे? राज्य गेलं, मग पन्नाशीच्या दशकात संघाचं नावही गेलं. आधी मध्य भारत, मग मध्य प्रदेश. ‘राजाचाच संघ होता, राजाने ठेवला, राजाबरोबर गेला’ असं तुम्ही म्हणाल, म्हणून आधीच बोलतो. पैसा राजाचा होता, मान्य. पण 2022 च्या जूनमध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली, तेव्हा आमच्या ओटल्यावरचे एक आजोबा कुणालाही थांबवून ‘होळकरांची पाचवी’ म्हणून सांगत होते. हिशोबात चूक होती. कुणी दुरुस्त केली नाही. राजा गेला, राज्य गेलं, संघ गेला, तरी नाव त्या म्हाताऱ्याकडे होतं. अस्मिता हा शब्द मी लेखात दोनदाच वापरला आहे, मोजून घ्या.

आता पुणे. मी काढणार नव्हतो. आयएसएलमधली एफसी पुणे सिटी 2014 ला सुरू झाली, बालेवाडीला खेळायची, भगव्या शर्टातली पोरं ढोल घेऊन यायची. 2018-19 चा हंगाम संपला आणि संघही संपला. पुण्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आलं. ते हैदराबाद 2025 मध्ये दिल्लीला गेलं. त्याच्या आधी पिरामलांची पुणे एफसी होती, 2007 ची. तीही गेली. कल्याणींची भारत एफसी एका हंगामाची पाहुणी. बारा वर्षांत तीन क्लब मांडून मोडले. धड क्लब असणं म्हणजे हेच असेल तर आमचं ओटल्यावरचं बरं आहे. आणि गोएंका तर तुमच्याकडेही दोन वर्षं होते की, 2016 आणि 2017, आयपीएलवाले. दुसऱ्या वर्षी नावातला शेवटचा ‘एस’ काढून टाकला होता, रायझिंग पुणे सुपरजायंट्सचं सुपरजायंट. कुणाला विचारून? आज गोएंकांचं लखनौही सुपर जायंट्स आणि 1889 चा मोहन बागानही सुपर जायंट. समर्थक तीन वर्षं ‘रिमूव्ह एटीके’ म्हणून ओरडले. एटीके गेलं, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर मालकाने आपलं दुसरं लेबल चिकटवलं. याला तुम्ही ‘समर्थकांचं ऐकलं’ म्हणाल. बरं.

‘ज्याचा पैसा त्याचं नाव’ हा तुमच्या प्रतिक्रियेचा मथितार्थ आहे, असं मी धरून चालतो. तुम्ही असं म्हटलेलं नाही, पण सूर तोच आहे. मग एक सांगा. एटीके हा 2014 पासूनचा, लीग जिंकलेला, पैसेवाला संघ होता. त्यांना मोहन बागानचे ऐंशी टक्के कशाला हवे होते? मैदान नव्हतं म्हणून? खेळाडू मिळत नव्हते म्हणून? 29 जुलै 1911 ला ब्रिटिश सैन्याच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवून आयएफए शील्ड जिंकणारी, एक सोडून बाकी सगळी अनवाणी, अशी अकरा माणसं त्या नावात आहेत, म्हणून. कलकत्त्यात ज्यांच्या घरात आजोबांपासून हिरवा-मरून रंग आहे ती हजारो माणसं त्या नावामागे येतात, म्हणून. ती माणसं ज्यासाठी येतात तेच विकत घ्यायचं, आणि घेतल्यावर त्यांनाच म्हणायचं तुमचा काय संबंध? दुकानदार गिऱ्हाइकाशीही असं वागत नाही. सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, दोनला भुट्ट्याचा कीस विकणारासुद्धा मसाला बदलला तर सांगतो.

इंग्लंडचं उदाहरण लेखात जागेअभावी गाळलं होतं, आता देतोच. विम्बल्डन, लंडनचा फुटबॉल क्लब. गंमत म्हणजे हाही 1889 चा. 1988 ला लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला. मालकांनी ठरवलं की क्लब मिल्टन कीन्सला न्यायचा, साधारण नव्वद किलोमीटर, म्हणजे इथून महेश्वर जवळपास तेवढंच. 28 मे 2002 ला फुटबॉल संघटनेने नेमलेल्या तीन जणांच्या समितीने दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. समर्थक म्हणाले आम्ही खालून पुन्हा सुरू करतो, तर समितीचं मत असं पडलं की ते फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही. त्यांनी तरी केलं. त्याच उन्हाळ्यात विम्बल्डन कॉमनवर, उघड्या माळावर, खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या. नवव्या पायरीवरून सुरुवात. 2011 ला ते फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार पायऱ्यांत, आले, 2020 च्या नोव्हेंबरात जुनं मैदान होतं त्या प्लाव लेनला परतले. क्लब आजही समर्थकांच्या मालकीचा आहे. त्या 2002 च्या उन्हाळ्यात त्यांच्याही गावात ‘एक धड क्लब’ नव्हता, वाचकमहोदय. त्यांनीही अस्मितेवर बोलायचं नव्हतं का?

आणि तरी तुम्ही म्हणाल, इंदूरच्या माणसाला यातलं काय कळतं. तर ऐका.

नव्वदच्या दशकात आमच्या मोहल्ल्याची फुटबॉलची टीम होती. नाव लिहीत नाही. बहुतेक पोरं गिरणी कामगारांची, आणि गिरण्या तेव्हा एकेक करून बंद पडत होत्या किंवा पडल्या होत्या. रविवारी मीटरगेजच्या गाडीने महूला जायचो, पलटणीच्या टीमांकडून चार-पाच गोल खायचो आणि परत यायचो. आमचा रंग मरून. तो आला कसा, तर पांढऱ्या बनियनी आणल्या आणि माझ्या आईने रंगाच्या दोन पुड्या टाकून पाण्याच्या बंबाशेजारी पत्र्याच्या डब्यात उकळल्या. अकरातल्या चार नीट निघाल्या नाहीत, वांग्यासारख्या दिसायच्या. त्या घालायला कुणी तयार नसायचं म्हणून चिठ्ठ्या टाकायचो. घाम आला की पाठीला रंग लागायचा. शाळेत सोमवारी पाठीवरून कळायचं कोण खेळून आलाय.

मग एक कोचिंग क्लासवाले साहेब आले. बूट देतो म्हणाले, बॉल देतो, स्पर्धेची प्रवेश फी भरतो. टीमला क्लासचं नाव द्या. रंग पिवळा, कारण त्यांचा बोर्ड पिवळा. जर्सी आली, चांगलं कापड होतं. पाठीवर मोठ्या अक्षरात सहा आकडी फोन नंबर आणि त्याच्या खाली, बोटभर, खेळाडूचा नंबर. पहिल्याच मॅचला रेफरीने मला पिवळं कार्ड दाखवलं आणि वहीत नंबर लिहायला वळवलं तर बिचारा फोन नंबरच लिहायला लागला. चौथ्या आकड्यावर थांबला. सगळं मैदान हसलं. मी कॅप्टन होतो. दोन वर्षांनी साहेबांना दुसऱ्या शहरात शाखा काढायची होती. तातडीचं काम. नोंदणी त्यांच्या नावावर होती, आमच्या जुन्या नावाची नोंदणी आम्हीच सोडली होती, फी कोण भरणार म्हणून. पुढल्या वर्षी टीम नव्हती.

तुम्ही विचाराल, कागदावर सही कुणी केली? मीच केली. बूट हवे होते. महूच्या त्या मैदानात खडे आहेत. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की त्याने विचारलंच नाही की मरून रंग ठेवून वर क्लासचं नाव लिहिलं तर चालेल का. आम्ही हो म्हटलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

जर्मनीत हे वाक्य नियमातच लिहिलंय. क्लबच्या सभासदांकडे मतांची निम्म्याहून एक जास्त संख्या राहिलीच पाहिजे. लाइपझिग क्लबवाल्यांनी पळवाट काढली, मतदार सभासद मूठभरच ठेवले, हे मला माहीत आहे, ते पुढच्या प्रतिक्रियेत लिहू नका. वेल्समधल्या कार्डिफ क्लबचा निळा शर्ट मालकाने 2012 ला लाल केला आणि 2015 च्या जानेवारीत त्याला परत निळा करावा लागला. समर्थकांनी स्टेडियममध्ये निळे मफलर आणले म्हणून करावा लागला, बोर्डरूममधून नाही.

राहिलेले मुद्दे. कोट्यवधी कोण देणार, याचं उत्तर मूळ लेखात आहे, शांतपणे परत वाचा. पैसेवाल्यांशिवाय लीग चालत नाही म्हणता, तर 2025 च्या जुलैत लीगच्या चालकांनी हंगाम थांबवल्याचं कळवलं आणि मग बंगळुरूसारख्या क्लबने पहिल्या संघाचे पगार थांबवले, ते कुणी केलं? ओटल्यावरच्यांनी? ईस्ट बंगालचं प्रकरण वेगळं आहे, गुंतागुंतीचं आहे, त्यावर सवडीने लिहीन. ‘सोयीस्कर गाळलंत’ हे मात्र परत घ्यावं. गाळणं वेगळं आणि जागा न पुरणं वेगळं.

आणि कृपया पुढच्या वेळी नाव लिहा. मी माझ्या नावाने लिहितो, इंदूरचा पत्ताही खाली आहे. कधी आलात तर या, पोहे खाऊ. जलेबीही.

हे लिहून होईपर्यंत तुमची दुसरी प्रतिक्रिया आलीच. छापली आहे. तिच्यात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालंय, तेवढं मराठी मी सुधारून घेतलं.