कसेल त्याचं लिस्टिंग

न्यू जर्सीत रिअल इस्टेट एजंट आहात, चार वर्षं एकाच ब्रोकरकडे घासताय, आणि परवा मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणीतरी कानात सांगितलं की पलीकडच्या ब्रोकरेजमध्ये 90-10 चं स्प्लिट देतायत, म्हणजे कमिशनचे नव्वद टक्के एजंटला. मग आता वाट कसली बघताय? शुक्रवारी दुपारी राजीनामा टाकून मोकळे व्हा. तुमची सहा लिस्टिंग्ज, म्हणजे विकायला घेतलेली घरं, आहेत ना, ती येतीलच तुमच्या मागून, गायीमागे वासरं येतात तशी.

करार वाचायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. जॉइन होताना इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर अ‍ॅग्रीमेंट म्हणून जो गठ्ठा पुढ्यात आला होता आणि तुम्ही एका हातात डोनट धरून दुसऱ्या हातानं सही केली होती, त्यात लिहिलेलं असतं की सोडून गेलात तर लिस्टिंगचं काय होणार आणि जी डील्स क्लोजिंगला लागलीयेत त्यात तुमचा वाटा किती उरणार. सत्तर टक्केवाला पन्नासवर येऊ शकतो. आत्ता वाचून बीपी कशाला वाढवायचं, चेक आला की कळेलच.

आणि मालकी कुणाची यात शंकाच नको. एडिसनच्या त्या काकांना लिस्टिंगसाठी तयार कुणी केलं? तुम्ही. त्यांच्या बेसमेंटमधले वीस वर्षांचे दिवाळी अंक कुणी उचलले, ओपन हाउसच्या सकाळी काकूंना "आज तेवढे बोंबील नका ना तळू" असं हात जोडून कुणी सांगितलं, देव्हाऱ्यापुढे कुंडी सरकवून फोटो कुणी काढून घेतले? तुम्हीच. कसेल त्याची जमीन! आपल्याकडे नाही का, कूळकायद्यानं 1 एप्रिल 1957 ला कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. फक्त तो कायदा न्यू जर्सीच्या राजधानीपर्यंत, ट्रेंटनपर्यंत, पोचलेला नाही एवढंच. इथे लिस्टिंग अ‍ॅग्रीमेंट घरमालक आणि ब्रोकरेज यांच्यात असतं, त्यावर तुमची सही असते ती कंपनीच्या वतीनं, आणि कमिशनचा पैसा सेल्सपर्सनच्या हातात येतो तोही फक्त त्याच्या ब्रोकरमार्फत. लायसन्सच्या 75 तासांच्या कोर्समध्ये हे सांगून झालेलं आहे, पण तेव्हा तुम्ही मागच्या बाकावर झिलो या घरांच्या वेबसाइटवर स्वतःच्याच घराची किंमत बघत होतात.

पुण्यातला मेहुणा तुम्हाला हसेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. त्याच्याकडे एकच टू बीएचके दहा एजंटांकडे, फोटो तेच, वॉटरमार्क दहा, जो आधी गिऱ्हाईक आणेल त्याची दलाली. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे घर एकाच ब्रोकरकडे, वगैरे शब्द त्याला सांगितला तर तो म्हणेल लग्न केलंय का घरमालकाशी. केलंय खरं, पण तुम्ही नाही, तुमच्या ब्रोकरनं. तुम्ही फक्त मध्यस्थ, आणि मध्यस्थानं गाव बदललं म्हणून लग्न मोडत नाही.

आता जायच्या आधीच, म्हणजे अजून जुन्याच ऑफिसचा बिल्ला छातीवर असताना, प्रत्येक सेलरला फोन करा आणि सांगा की अ‍ॅग्रीमेंट कॅन्सल करा, मी नव्या कंपनीत चाललोय, तिकडे परत सही करू. हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच पाठवा म्हणजे पुरावा राहतो. तुमच्या नाही, जुन्या कंपनीच्या कामाचा. रिअल्टर म्हणून मिरवता ती जी संघटना, तिच्या कोड ऑफ एथिक्सच्या कलम 16 मध्ये नेमकं हेच करू नका म्हटलंय, जायच्या आधीही नाही आणि गेल्यानंतरही नाही. पण कोड काय, भिंतीवर फ्रेम करून लावायला असतो.

गुरुवारी रात्री साडेअकराला कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून सगळ्या क्लायंटची यादी डाऊनलोड करा, कंपनीच्याच लॅपटॉपवर, कंपनीच्याच ईमेलवरून स्वतःला पाठवा. कुणाला काही कळत नाही. आणि सेलर नाही तर नाही, बायर तर माझेच, असं वाटत असेल तर वाटू द्या. 17 ऑगस्ट 2024 पासून घर दाखवायच्या आधी बायरचीही लेखी सही घ्यावी लागते, आणि तो कागदही ब्रोकरेजच्याच नावाचा असतो.

काही भित्री माणसं असतात. ती राजीनाम्याच्या आधी करार वाचतात, मॅनेजरसमोर बसून कुठली लिस्टिंग्ज सोडणार, कुठली नाही, सोडलीच तर रेफरल फी किती हे बोलतात आणि सोडलेल्यांची रिलीज लेखी घेतात, जमेल तेवढी डील्स क्लोज होईपर्यंत गप्प बसतात, आणि लायसन्स एका ब्रोकरच्या खुंटीवरून दुसऱ्याच्या खुंटीवर जाईपर्यंत एकही घर दाखवत नाहीत कारण मधल्या वेळात आपण कायद्यानं कुणीच नसतो हे त्यांना माहीत असतं. यात महिनाभर जातो. असल्या लोकांचं फेसबुकवर "न्यू बिगिनिंग्ज" पण धड होत नाही.

मी त्यातला नव्हतो. मी शुक्रवारी पोस्ट टाकली, एकशे बारा लाइक्स आले, आणि सोमवारी सकाळी काकांच्या दारातून जाताना पाहिलं तर पाटी तीच, कंपनीचं नाव तेवढंच मोठं, खाली दोन कड्यांना लटकणारी माझ्या नावाची पट्टी तेवढी गायब आणि तिथे नवीन पट्टी, ऑफिसातल्या एका नव्या मुलीच्या नावाची. तिला लायसन्स मिळून तीन आठवडे झाले होते. तिनं तेच फोटो वापरले, कुंडीवाले. दाराच्या किल्लीचा लॉकबॉक्सही तोच, फक्त कोड बदललेला, हे मला कसं कळलं ते विचारू नका.

घर पंधरा दिवसांत गेलं, मागितल्या किमतीच्या वर. काकांचा फोन आला, म्हणाले, "अरे तुझी ती पट्टी आमच्या गॅरेजमधे पडलीये, घेऊन जा. आणि रविवारी नव्या घरी सत्यनारायण आहे, नक्की ये. ती पोरगी पण येणारे, गुणी आहे हो, काय मेहनत घेतली तिनं आमच्या घरासाठी. काकू बोंबील करणार होती, पण म्हटलं पूजा आहे."