खुलासा : श्याम बेनेगल आणि जाहिराती

'श्याम बेनेगल यांनी आयुष्यात एकही जाहिरात केली नाही, म्हणूनच त्यांचे सिनेमे इतके सच्चे' असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच हे लिहितोय.

बेनेगल १९५९ च्या सुमारास मुंबईत लिंटास या जाहिरात कंपनीत कॉपीरायटर म्हणून लागले. पुढे त्यांनी शेकडो जाहिरातपट आणि माहितीपट केले. 'अंकुर'ची कथा डोक्यात घेऊन ते वर्षानुवर्षं निर्माता शोधत होते. शेवटी पैसे घातले ते ब्लेझने, म्हणजे थिएटरांत जाहिरातपट पुरवणाऱ्या कंपनीने! सिनेमा आला १९७४ साली. शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावतो, तो सिनेमा जाहिरातींच्या ओळखीतून उभा राहिला. यात कमीपणा कसला?

याच मजकुरात 'मंथन'चा खर्च एका डेअरीने जाहिरात म्हणून केला, असंही म्हटलंय. तेही खरं नाही. गुजरातच्या सुमारे ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले आणि १९७६ चा हा सिनेमा झाला. श्रेयनामावलीत निर्माते म्हणून तेच शेतकरी आहेत. हे लोक ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेले होते. त्यांचं श्रेय डेअरीच्या जाहिरात खात्यावर टाकू नका.

पुढे अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरून 'भूमिका' आणि दूरदर्शनसाठी 'भारत एक खोज'चे ५३ भाग याच माणसाने केले. हा मजकूर तुमच्याकडे आला असेल तर दुरुस्तीसह पुढे पाठवा.