भाऊंनी लिलाव उधळला!

भाऊ आले तेच मोबाइल पुढे धरून. व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी आधीच पाहिला होता. तरी त्यांनी तो परत लावला आणि नेमका स्वतःच्या तोंडापाशी थांबवला.

"हे आम्ही."

"कळतंय," सदा म्हणाला. "तोंड उघडं आहे म्हणजे तूच."

भाऊ स्वतःला 'आम्ही' म्हणतात. घरी आमटी मागतानाही म्हणत असावेत. परवाच्या प्रकारानंतर तर त्यांची चालच बदलली होती. "एक बोली लागू दिली नाही. कोर्टाचा बेलीफ उभा, लिलाव घेणारा नाझर उभा, आणि घेणारे चौघं गाड्या वळवून परत. शेतकऱ्याची जमीन अशी कुणाच्या घशात जाऊ देणार नाही आम्ही."

मंदारला वकिली सुरू करून फार दिवस झालेले नाहीत, त्यामुळे त्याच्या तोंडातून 'नमस्कार'च्या आधी कलम निघतं. "भाऊ, २१९. न्याय संहिता. लोकसेवकानं कायदेशीर अधिकारात विक्रीला काढलेल्या मालमत्तेच्या विक्रीत जाणूनबुजून अडथळा. एक महिन्यापर्यंत कैद, नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही."

भाऊंचा चेहरा पडला. भीतीनं नव्हे.

"एकच महिना? आम्हाला वाटलं ३५३ लागेल."

त्यांचं दुःख आम्हाला समजत होतं. आमच्या तालुक्यात ज्याच्यावर ३५३ नाही त्याला कुणी पुढारी म्हणत नाही. मंदारनं समजूत काढली, की १ जुलै २०२४ पासून त्याचं १३२ झालंय आणि त्याला लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. "तुम्ही नुसते ओरडलात."

"तुझं २१९ पूर्वी जुन्या दंड संहितेत १८४ होतं," नाना कोपऱ्यातून म्हणाले. "दंड पाचशे. म्हणजे भाऊ, तुझा भाव दहापट झाला. आणखी काय पाहिजे?"

नाना कोर्टात बेलीफ होते. अख्खी नोकरी जप्त्या आणि लिलावांत गेली. कट्ट्यावर ते फार बोलत नाहीत, पण बोलले की सदाही गप्प बसतो. आणि सदा गप्प बसणं सोपं नाही, तो पतसंस्थेत वसुलीला आहे.

"गुन्हा कधी दाखल करतात?" भाऊंनी आशेनं विचारलं. बहुतेक फ्लेक्सची ऑर्डर अडली असावी.

"पोलीस आपणहून नाही करू शकत," मंदार म्हणाला. "अदखलपात्र आहे. ज्याच्या कामात अडथळा आला त्या अधिकाऱ्यानं, किंवा त्याच्या वरिष्ठानं, कोर्टाकडे लेखी तक्रार द्यावी लागते."

"आणि नाझर ती देणार नाही," नाना म्हणाले. "तक्रार दिली की साक्षीला उभं राहणं आलं. त्याला पुढच्या लिलावाची तारीख धरायची आहे."

मग सदा तापला. थकलेलं कर्ज म्हणजे कुणाच्या तरी ठेवी, त्यात पेन्शनवाल्यांचे पैसे असतात, उद्या त्यांनी काय भाऊंच्या घोषणा बँकेत भरायच्या का, वगैरे. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ज्या माणसानं स्वतःच्या साडूला जामीनदार म्हणून नोटीस काढली, त्याच्या तोंडी तत्त्व आलं की आम्हाला जरा धडकीच भरते.

भाऊंनी थेट १८७५ गाठलं. "पुणे जिल्ह्यात सुप्याला काय झालं? सावकारांची कर्जखतं जाळली! आमच्या रक्तात आहे ते."

"सुप्याचं खरं आहे," नाना म्हणाले. "१२ मे. बाजाराचा दिवस होता. पण तुझे पणजोबा नक्की कुठल्या बाजूला असते रे? खतं जाळणाऱ्यांच्या, की ज्यांच्या घरात खतं होती त्यांच्या?"

यावर एवढा हशा झाला, की पलीकडच्या दुकानदारानं मान बाहेर काढली. भाऊंच्या वाड्यातली तिजोरी कशानं भरली होती, हे गावात सांगावं लागत नाही.

"आणि जमिनी जाळपोळीनं नाही वाचल्या," नाना थांबले नाहीत. "चार वर्षांनी, १८७९ ला, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कोर्टाला खताच्या मागं जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती, ते तपासता यायला लागलं. जी जमीन मुद्दाम गहाण टाकलेली नाही ती नुसत्या कोर्टाच्या हुकूमनाम्यापोटी विकायची नाही, असं ठरलं. अडथळा हा असा घालायचा असतो."

"दंगा झाला म्हणून तर कायदा झाला," भाऊ पुटपुटले. खरं तर हा त्यांचा त्या संध्याकाळचा एकमेव बरा मुद्दा होता. पण तेवढ्यात चहा आला आणि तो कुणी ऐकला नाही.

मी बार्डोलीचा सत्याग्रह काढला. १९२८ ला सारा न भरणाऱ्यांच्या जप्त जमिनी लिलावात निघाल्या, तर गावातल्या कुणी बोलीच बोलली नाही. घेतल्या त्या बाहेरच्यांनी, आणि तडजोड झाल्यावर त्याही मूळ मालकांना परत मिळाल्या.

"बोली न बोलणं गुन्हा नाही," मंदार म्हणाला. "बोलणाऱ्याला बोलू न देणं गुन्हा."

"पण बोली नाही म्हणून जमीन वाचते असंही नाही," सदा म्हणाला. "शेतसाऱ्याच्या थकबाकीत गिऱ्हाईक नसलं की सरकार स्वतः नाममात्र बोलीनं घेतं. त्याच या आकारी पड जमिनी. मूळ मालकांना त्या परत द्यायचा निर्णय व्हायला जानेवारी २०२५ उजाडलं. तोवर नातवंडांच्या डोक्यावरचे केस गेले."

नानांनी कप खाली ठेवला. "मी सांगू? ओरडण्यानं मेलेला लिलाव मला आठवत नाही. तो पुढच्या तारखेला होतोच. लिलाव मरतो तो शांतपणे. घेणारे चौघं आदल्या रात्री बसतात. बोलायचं एकानं, बाकीच्यांनी हात खिशात ठेवायचे, नंतर त्यांची समजूत निघते. दवंडी झालेली, नोटीस लागलेली, कागद स्वच्छ. आम्ही तीनदा पुकारायचो आणि निम्म्या किमतीत जमीन जायची. व्हिडिओ कोण काढणार त्याचा? दिसायला काही नसतंच."

कुणी काही बोललं नाही. परवाचे ते गाड्या वळवून गेलेले चौघं सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर आले असावेत.

"दुसरा प्रकार," नाना म्हणाले, "आपला माणूस घुसवायचा. तो आभाळाएवढी बोली बोलतो. पंचवीस टक्के जागेवर भरायचे असतात. ते मागितले की हा पाणी प्यायला जातो तो जातोच. खरं गिऱ्हाईक तोवर वैतागून घरी. मग फेरलिलाव."

"त्याला २२०," मंदार उत्साहात. "पूर्वीचं १८५. पैसे भरायचा इरादा नसताना बोली बोलणं. एक महिना किंवा दंड."

"किती?"

"दोनशे रुपये."

"हजार?"

"नाही. दोनशे. १८६० पासून तेवढेच आहेत. नव्या संहितेत २१९ चे पाचशेचे पाच हजार केले, याला हात लावला नाही."

"बघ भाऊ," नाना म्हणाले, "तू घसा फोडलास तर पाच हजार. बोली बोलून पळाला असतास तर दोनशेत भागलं असतं."

सदा पोट धरून हसत होता. नाना मात्र भाऊंना सोडायला तयार नव्हते. "तुझ्या शेतकऱ्याचं काय झालं ते सांग. व्याज चालूच आहे. परत नोटीस, परत जाहिरात, तो खर्च त्याच्याच नावावर. विक्री झाल्यावरसुद्धा साठ दिवस असतात. बाकी भरली आणि घेणाऱ्याला वर पाच टक्के दिले की विक्री रद्द होते. एवढी माणसं जमवलीस, त्यांच्यापुढे घोषणा देण्याऐवजी झोळी फिरवायचीस."

"वर्गणी?" भाऊ दचकले.

तो शब्द ऐकला आणि सदाला गणपती मंडळाच्या नारळाची आठवण झाली. गेल्या विसर्जनाला भाऊंनी मानाच्या नारळावर अकरा हजारांची बोली लावली होती. टाळ्या, शाल, फोटो, सगळं झालं. पैसे अजून यायचेत.

"हे २२०!" सदा ओरडला. "इरादाच नव्हता याचा!"

"नाही लागत," मंदार म्हणाला. "मंडळ लोकसेवक नाही."

भाऊ पहिल्यांदाच खुलले. "ऐकलंत? कायदा आमच्या बाजूनं आहे."

"मग नारळ तरी परत दे!"

"नारळाच्या वड्या केल्या हिनं. संकष्टीला तूच चार खाल्ल्यास, सदा."

सदा आठवत राहिला. मंदारनं गंभीरपणे विचारलं, वड्या खाताना नारळाचे पैसे थकलेत हे तुला माहीत होतं का? आणि पुढचा अर्धा तास सदा सहआरोपी होतो की माफीचा साक्षीदार, यावरच गेला.