तेराचा आकडा आणि ताईचं ब्लेड

रविवारी सकाळी ताईकडे गेलो तर ती गॅलरीत बसून भाचीच्या जर्सीवरच्या १३ मधला तीनचा आकडा ब्लेडनं खरवडत होती. एक शाबूत होता. तीनचं वरचं पोट गेलं होतं आणि खालचं निम्मं लोंबत होतं. इस्त्रीनं दाबून चिकटवलेला आकडा तो, सुखासुखी निघतोय थोडाच. निघताना कापडाचे धागेही ओढून घेत होता. भाची आत भिंतीकडे तोंड करून पडलेली.

शाळेच्या चौदा वर्षांखालच्या संघात पोरीचं पहिल्यांदाच नाव लागलं होतं. नंबर वाटताना सातावरून आणि दहावरून भांडणं झाली. ही क्लासहून उशिरा पोचली आणि उरलेला १३ घेऊन घरी आली. तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. घर कोल्हापुरात, शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत वाढलेली पोर, तिला जर्सी मिळाली यातच सगळं आलं. वाटलं ते ताईला, शनिवारी रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला मेसेज वाचून.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्याचा सारांश असा: फुटबॉलच्या इतिहासात एकाही महान खेळाडूनं १३ नंबर घातलेला नाही. मोठे क्लब तो मैदानावरच्या खेळाडूला देतच नाहीत. ज्यांनी हट्टानं घातला, त्यांची वाट लागली. १ + ३ = ४ आणि चार म्हणजे राहू. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं, म्हणूनच माणूस गेल्यावर 'तेरावं' घालतात. शेवटी हात जोडलेले आणि 'मुलांच्या भवितव्यासाठी पुढे पाठवा'.

मी ताईच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं. पुढचं तिला तोंडी सांगितलं. ग्रुपवरच्या मंडळींसाठी इथं लिहितो.

एकाही महान खेळाडूनं नाही म्हणे! विश्वचषकात खेळाडूला संपूर्ण स्पर्धेसाठी एकच नंबर देण्याची पद्धत १९५४ पासूनची. तेव्हापासूनच्या सगळ्या संघांच्या याद्या नंबरांसकट उपलब्ध आहेत. मेसेज लिहिणाऱ्यानं त्यातली एक उघडली असती तरी पुरलं असतं. जर्मनीचीच घ्या, कारण जर्मनांनी चार वेळा विश्वचषक जिंकलाय. १९५४ च्या अंतिम सामन्यात हंगेरीनं आठ मिनिटांत दोन गोल चढवले होते. जर्मनीचा पहिला गोल परत केला माक्स मोरलॉकनं, पाठीवर १३. १९७४ ला नेदरलँड्सविरुद्धचा विजयी गोल गेर्ड म्युलरचा, पाठीवर १३. १९९० ला १३ होता कार्ल-हाइन्झ रीडलेकडे. उपांत्य फेरीत इंग्लंडविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये त्यानं आपली पेनल्टी चोख मारली. २०१४ ला थॉमस म्युलर, पुन्हा १३, स्पर्धेत पाच गोल. ब्राझीलला त्यांच्याच घरी ७-१ नं धुतलं त्या सामन्यातला पहिला गोलही त्याचाच. चार विजेतेपदं, चार तेरा नंबरवाले.

जर्मनांचं सोडा. २००२ च्या विजेत्या ब्राझीलमध्ये १३ बेलेतीकडे होता. २००६ च्या इटलीत नेस्ताकडे, २०१० च्या स्पेनमध्ये हुआन माताकडे, २०१८ च्या फ्रान्समध्ये कांतेकडे आणि २०२२ च्या अर्जेंटिनात क्रिस्तियान रोमेरोकडे. मेसीच्या मागे बचावात उभा असणारा तोच रोमेरो. ग्रुपवरच्या अर्ध्या लोकांनी मेसीचा चषक उचललेला फोटो तेव्हा डीपीला लावला होता.

आणि पोर्तुगालचा युसेबियो? १९६६ च्या विश्वचषकात सर्वाधिक, म्हणजे नऊ गोल त्याचे. गुडिसन पार्कवर उत्तर कोरियानं पंचवीस मिनिटांत ३-० करून पोर्तुगालला पार झोपवलं होतं. या बाबानं एकट्यानं चार गोल मारले आणि सामना ५-३ असा फिरवला. पाठीवर काय होतं, ते सांगायला नकोच.

आता इथं मीच मेसेजवाल्यासारखा वागतोय, हे कळतंय मला. विश्वचषकात नंबर सलग द्यावे लागतात. पूर्वी १ ते २३, २०२२ ला २६ पर्यंत. मधला एखादा गाळायची सोय नाही. माराडोनाच्या सन्मानार्थ २००२ ला अर्जेंटिनानं १० नंबर ठेवायचाच नाही असं ठरवलं, तेही फिफानं चालू दिलं नाही आणि तो ओर्तेगाला घालावा लागला. म्हणजे प्रत्येक संघात एक तेरा असणारच. जिंकणाऱ्या संघात आणि हरणाऱ्या बाकी सगळ्या संघांतही. तेरानं कोणाला चषक मिळवून दिला नाही, तसा कोणाचा हिसकावूनही घेतला नाही. माझी यादी एवढंच सांगते की 'एकाही महान खेळाडूनं नाही' हे साफ खोटं आहे.

मोठ्या क्लबांचा मुद्दा मात्र वाचताना खरा वाटतो, म्हणून जास्त फसवतो. बार्सिलोना आणि रियाल माद्रिद मैदानावरच्या खेळाडूला १३ देत नाहीत हे खरंय. पण ती भीती नाही, तो नियम आहे! स्पॅनिश लीगमध्ये १, १३ आणि २५ हे नंबर गोलकीपरांसाठी राखीव असतात. अ‍ॅटलेटिको माद्रिदचा यान ओब्लाक वर्षानुवर्षं १३ घालून गोलपोस्टात उभा आहे. सामन्यामागे सर्वांत कमी गोल खाणाऱ्या गोलकीपरला मिळणारा सामोरा करंडक त्यानं २०१६ ते २०१९ सलग चार वेळा नेला. वाट लागणं यालाच म्हणत असतील तर लागू दे बापडी.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. इंग्लंडमध्ये या आकड्याला लोक खरंच बिचकायचे. प्रत्येक सामन्याला १ ते ११ नंबर वाटायचे त्या काळात दोन बदली खेळाडू असले की त्यांना १२ आणि १४ मिळायचे, मधला १३ गाळायचे. तेव्हा अंधश्रद्धा होती, आहे. पण लोक भितात म्हणून भूत खरं ठरत नाही. १९९३ ला प्रीमियर लीगमध्ये हंगामभराचे नंबर आले. पुढे मँचेस्टर युनायटेडमध्ये पार्क जी-सुंग सात वर्षं १३ घालून पळला. तो कोरियाचा. तिकडे अशुभ आकडा चार, कारण त्याचा उच्चार 'मृत्यू'सारखा होतो. इटलीत अशुभ सतरा. रोमन आकड्यांतल्या सतराची अक्षरं फिरवली की 'मी जगलो' असा लॅटिन शब्द होतो, म्हणजे आता मेलो. तेरा मात्र इटलीत चक्क भाग्याचा. तिकडच्या फुटबॉल सट्ट्यात तेरा सामन्यांचे निकाल बरोबर आले की बक्षीस लागायचं, म्हणून 'तेरा केले' म्हणजे नशीब उघडलं. नेस्ताच्या पाठीवरचा आकडा त्याच्या गल्लीत शुभच होता. प्रत्येक देशाचं भूत वेगळं, आणि आम्ही दुसऱ्याचं उसनं आणून आमच्या पोरीच्या पाठीवर बसवतो.

आता 'वाट लागली'चा भाग. यावर जरा थांबतो, कारण डोकं फिरलं ते इथंच.

मेसेजमध्ये पहिलं नाव जर्मनीच्या मिखाएल बालाकचं. त्याचं नशीब खरंच खोटं, हेही कबूल. २००२ ला लेव्हरकुसेन या जर्मन क्लबबरोबर लीग हुकली, जर्मन कप हुकला, चॅम्पियन्स लीगचा (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा) अंतिम सामना रियाल माद्रिदकडून हरला. विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात गोल करून जर्मनीला अंतिम फेरीत नेलं आणि स्वतः पिवळ्या कार्डामुळे बाहेर बसला. वाचूनही वाईट वाटतं. पण त्याच लेव्हरकुसेनमधले श्नायडर, नॉयव्हिल आणि रामेलो हे तिघं त्या वर्षी चारही हरले, विश्वचषकाचा अंतिम सामना तर प्रत्यक्ष खेळून. त्यांच्यापैकी कोणाकडेही तेरा नव्हता, आणि त्यांच्यावर मेसेज निघत नाहीत. बालाकनं पुढे हाच नंबर घालून बायर्न म्युनिककडून तीनदा जर्मन लीग आणि चेल्सीकडून प्रीमियर लीग जिंकली, ते मेसेजमध्ये मावलं नसावं.

दुसरं नाव नेस्ताचं. तो २००६ ला तिसऱ्या सामन्यात जखमी झाला, खरंय. पण विश्वविजेत्याचं पदक त्याच्याकडेही आहे, आणि मिलान क्लबबरोबर दोन चॅम्पियन्स लीग आहेत. पुढे.

तिसरं नाव गेर्ड म्युलरचं. मेसेजमधलं वाक्य असं: 'तेरा घालणारा म्युलर दारूच्या आहारी गेला आणि शेवटी स्वतःचं नावही विसरला.' खाली डोळ्यांत पाणी आणणारा इमोजी.

१९७० च्या विश्वचषकात म्युलरला १३ मिळाला कारण ९ नंबर उवे झेलरकडे होता. बस, इतकी साधी गोष्ट. भाचीला मिळाला तसाच. त्या स्पर्धेत त्यानं दहा गोल केले. १९७४ ला चार, त्यातला शेवटचा अंतिम सामन्यात, गोलकडे पाठ असताना गर्रकन वळून मारलेला. देशासाठी ६२ सामन्यांत ६८ गोल. विश्वचषकातला त्याचा १४ गोलांचा विक्रम मोडायला २००६ उजाडलं. खेळ संपल्यावर तो दारूत बुडाला, हे खरं. पण मेसेज तिथंच का थांबतो? बायर्नमधल्या त्याच्या जुन्या सोबत्यांनी त्याला उपचारांना पाठवलं, क्लबनं कामावर घेतलं आणि पुढे बरीच वर्षं तो बायर्नच्या दुसऱ्या संघाचा सहायक प्रशिक्षक होता. त्या संघात एक हडकुळा पोरगा होता, आडनाव तेच, नातं काही नाही. थॉमस म्युलर. २०१० ला बालाक जखमी होऊन विश्वचषकाबाहेर गेला तेव्हा १३ या पोराकडे आला आणि त्यानं त्या स्पर्धेत गोल्डन बूट मिळवला. गेर्डला अल्झायमर असल्याचं २०१५ ला जाहीर झालं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तो गेला, पंच्याहत्तराव्या वर्षी.

अल्झायमर जर्सीवरून होत नाही. आमच्या त्याच ग्रुपवर दोन घरं अशी आहेत, जिथं म्हाताऱ्या माणसाला आपलाच मुलगा ओळखू येत नाही. त्यांनी हे वाक्य वाचलं असेल. त्या माणसांनी कुठला नंबर घातला होता?

आता योगायोगच जोडायचे असतील तर मीही मेसेज बनवून देतो, दोन मिनिटांचं काम. ब्राझीलच्या झागालोला १३ चं वेड होतं. बायकोची सेंट अँथनीवर श्रद्धा आणि त्या संताचा दिवस १३ जून, म्हणून लग्न १३ तारखेला, घर तेराव्या मजल्यावर. खेळाडू, प्रशिक्षक आणि सहायक म्हणून मिळून चार विश्वचषक त्याच्या नावावर. त्यातले दोन १९५८ आणि १९९४ चे. पाच अधिक आठ तेरा, नऊ अधिक चार तेरा, हे तो स्वतःच सांगायचा. २०१४ चा अंतिम सामना १३ जुलैला झाला आणि विजयी गोल ११३ व्या मिनिटाला. झाला की नाही शुभ आकडा? आता उलटं बघा: युसेबियो ५ जानेवारी २०१४ ला गेला, झागालो ५ जानेवारी २०२४ ला. बरोबर दहा वर्षांनी! चला, उद्यापासून ५ नंबर बंद.

राहूचं चटकन उरकतो. तेराची बेरीज चार, तशी बावीसचीही चारच. मिलानमध्ये २२ घालणाऱ्या ब्राझीलच्या काका नावाच्या खेळाडूनं २००७ ला चॅम्पियन्स लीग आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ऑर दोन्ही नेले. तरीही ताईचा दुसरा बेत तयार होता. पांढरी चिकटपट्टी लावून तीनचा आठ करायचा. मी म्हटलं, अठराची बेरीज नऊ, तुझ्याच मेसेजच्या शास्त्रानं नऊ म्हणजे मंगळ. मुलीच्या पाठीवर मंगळ चालेल तुला? ती हसली, पहिल्यांदाच. (इटलीतल्या इंटर क्लबमध्ये चिलीच्या झामोरानोचा ९ नंबर ब्राझीलच्या रोनाल्डोकडे गेला तेव्हा यानं १८ घेऊन मध्ये अधिकचं चिन्ह चिकटवलं होतं. पण तो झामोरानो.) शिवाय सरांनी रेफरीकडे द्यायची यादी भरून टाकली आहे. यादीत तेरा आणि पाठीवर अठरा, मग पोरगी बाहेरच बसेल.

राहिलं तेरावं. 'तीनतेरा वाजले' आपण म्हणतो, तेही मान्य. पण तेराव्याला गोडाचं जेवण का करतात? घरानं दुःख आवरून पुन्हा रांगेला लागावं म्हणून. आणि धनत्रयोदशी कितवी तिथी? गेल्या धनत्रयोदशीला सराफाच्या दुकानाबाहेर पाऊण तास रांगेत कोण उभं होतं, हे मी ग्रुपवर लिहीत नाही. ताईला माहीत आहे.

भाचीला मी फक्त दोघींचं सांगितलं. अमेरिकेची क्रिस्टीन लिली, ३५४ आंतरराष्ट्रीय सामने, बाई असो की पुरुष, इतके कोणीच खेळलेलं नाही. पाठीवर १३. तिच्यानंतर तोच नंबर अ‍ॅलेक्स मॉर्गनकडे आला. २०१९ च्या विश्वचषकात थायलंडविरुद्ध एकटीचे पाच गोल, आणि सामन्याचा निकाल किती, तर १३-०. भाची उठून बसली. "मामा, खरंच तेरा-शून्य?" मोबाइलवर दाखवल्यावरच तिचा विश्वास बसला. मग तिनं गॅलरीतून जर्सी आणली, लोंबणारा तुकडा बोटानं दाबून बघितला. तो काही चिकटेना.

संध्याकाळी दोघं प्रिंटिंगवाल्याकडे गेलो. सुटा तीन मिळत नाही म्हणाला, जुना १ सुद्धा काढून अख्खा तेरा नव्यानं मारावा लागेल, एकशेवीस रुपये. जर्सी शुक्रवारी मिळणार आहे, सामना शनिवारी. पैसे ताईनं दिले.