हळद-मीठ लावायचं ते तळायच्या माशाला

नमस्कार काका,

वय सत्तर असल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. जखमी गोल्डफिशवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: गोड्या पाण्यातल्या माशाला मीठ घालायला सांगणं म्हणजे त्याचा छळ, तुम्ही घरातली अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून टाकीत टाकली, जखमेला हळद लावली आणि मासा आठ दिवसांत बरा झाला, आणि पन्नास रुपयांच्या माशासाठी एवढा खटाटोप कशाला.

आधी चूक कबूल करतो. लेखात मी 'मूठभर जाडं मीठ' लिहिलं होतं. ते चुकलंच. तुमची प्रतिक्रिया वाचून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. माझी मूठ भरली ५५ ग्रॅम, बायकोची ३८. म्हणजे दहा लिटरच्या बादलीत माझ्या मुठीने लिटरला साडेपाच ग्रॅम मीठ गेलं असतं, आणि हवं असतं जास्तीत जास्त तीन. तेही एकदम नाही. पहिल्या दिवशी लिटरला एक ग्रॅम, मग बारा-बारा तासांनी एकेक. खडे वेगळ्या भांड्यात विरघळवून मगच ओतायचे. मी एकदा आळसाने खडे तसेच टाकले होते. मासा खाऊ समजून त्यावर गेला, तोंडात घेऊन थुंकला आणि कोपऱ्यात जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत. लेखातलं वाक्य आता दुरुस्त केलंय.

पण मीठ म्हणजे छळ, हे पटत नाही. माशाच्या रक्तात मीठ असतं, जवळपास ०.९ टक्के. बाहेरचं पाणी गोडं, त्यामुळे ते सतत त्याच्या अंगात शिरत असतं आणि तो लघवीवाटे ते बाहेर टाकत असतो. अंगावरचे खवले आणि बुळबुळीत थर शाबूत असले की हे काम निभतं. खवले उडाले की तिथे भिंतच पडली म्हणायची. पाण्यात थोडं मीठ असलं की ही ओढ कमी होते, एवढंच. समुद्रात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं, आपण घालतो तीन. मात्र मीठ वाफेबरोबर उडत नाही. कमी झालेलं पाणी भरताना पुन्हा मीठ घातलं तर प्रमाण वाढत जातं. मासा बरा झाला की पाणी बदलत बदलतच ते काढायचं.

आता हळद. आमच्या आईने तुमची प्रतिक्रिया ऐकली आणि म्हणाली, "हा मीठ लावतो, ते हळद लावतात, तवा कोण ठेवणार?" गंमत सोडा, पण हळद पाण्यात विरघळत नाही. तिची कणी कल्ल्यांवर बसते. आणि ती लावायला मासा कोरड्या हातात धरला की उरलासुरला बुळबुळीत थरही हाताला येतो. इन्फेक्शन अडवणारं त्याचं पहिलं कवच तेच आहे.

तरीही तुमचा मासा बरा झाला, ते खोटं कसं म्हणू? पण तुमच्याच प्रतिक्रियेत शेवटी एक वाक्य आहे: 'रोज अर्धं पाणी काढून विहिरीचं ताजं घालत होतो.' काका, त्याला बरं केलं ते याने! माशाची घाण म्हणजे अमोनिया. तो कल्ले जाळतो, आणि घाण साचलेल्या पाण्यात उघड्या जखमेवर बॅक्टेरिया आणि बुरशी चढायला वेळ लागत नाही. कॅप्सूलने उलट फिल्टरमधले अमोनिया पचवणारे चांगले बॅक्टेरिया मेले असण्याची शक्यता जास्त. रोजच्या पाण्यामुळे ते तुमच्या लक्षात आलं नाही. तुमच्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नाही, हाही फायदा. आम्हा नळवाल्यांना ते घालवायला डिक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन मारणारं द्रावण, घालावं लागतं. एकच करा, विहिरीचं पाणी थोडं उंचावरून, खळखळ आवाज करत ओता. खोल विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असू शकतो.

प्राणवायूचं आपल्याकडे जास्तच सांभाळावं लागतं. वीस अंशाच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला साडेसातच. आणि एप्रिल-मे मध्ये गोव्यात टाकी तिशीच्या खाली कुठे येते? गोल्डफिश मुळात थंड पाण्यातला. त्यात पहिल्या पावसाबरोबर वीज जाते. गेल्या जूनमध्ये रात्रभर दिवे नव्हते, तेव्हा मी आणि मुलगा पाळीपाळीने मगाने पाणी वर उचलून ओतत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी बॅटरीवरचा एअर पंप आणला.

औषधाची वेळ कधीच येत नाही, असं माझं म्हणणं नाही. जखमेवर कापसासारखे पांढरे धागे दिसले तर बुरशी. कडा लाल होऊन पसरायला लागल्या किंवा खवले फणसाच्या काट्यांसारखे उभे राहिले, तर घरगुती उपाय थांबवा. माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारा, आणि औषध वेगळ्या टबात द्या, टाकीत नाही.

पन्नास रुपयांचं म्हणाल, तर हा मासा नीट ठेवला की दहा-पंधरा वर्षं जगतो. आमचा सात वर्षांचा आहे. ताटातल्या बांगड्याला त्याच्याबद्दल तक्रार नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. जखमेच्या जागी आता काळा डाग आलाय, तो रोग आहे का? बहुधा नाही. गोल्डफिशची जखम भरताना तिथे काळा रंग जमतो आणि काही आठवड्यांत फिका होतो. त्याला आता काही लावू नका, घालू नका. मात्र शोभेसाठी टाकीत चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तुकडा ठेवलाय असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून एकदा बोट फिरवून बघा. माझ्या माशाची पाठही असल्याच चिऱ्याने सोलली होती.