गाडीत कायम वजन किती?

२०२३ मध्ये जिम्नी, म्हणजे मारुतीची छोटी फोर बाय फोर गाडी, घेतली आणि हिला दोन इंच वर उचलायची हे पेढे वाटायच्या आधीच माझ्या डोक्यात होतं. आता माझं ऑफरोडिंग किती? कासारवडवली ते वागळे इस्टेट, ठाण्यातल्या ठाण्यात, रोज, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी वसईला सासरी जाताना गायमुखचा चढ. पण मोबाइलवर लिफ्ट केलेल्या गाड्यांचे फोटो एकदा बघायला लागलं की पार्किंगमधली आपली गाडी बसलेल्या म्हशीसारखी दिसायला लागते, त्याला मी तरी काय करणार.

मला वाटलेलं जायचं, चार स्प्रिंगा आणि चार शॉकप घ्यायचे, संध्याकाळी घरी. चार महिने गेले.

गॅरेजमध्ये उस्तादने गाडीकडे नीट बघितलंही नाही. पहिलाच प्रश्न, "साहेब, गाडीत कायम वजन किती असतं?"

मी म्हटलं आम्ही तिघं, कधी आई.

"माणसं नाय धरायची. कायम म्हणजे चोवीस तास. गाडी रात्री पार्किंगमध्ये उभी असते तेव्हा आत काय असतं?"

छत्री असते. तेवढी सांगायची लाज वाटली म्हणून मी म्हटलं की मागे फ्रिज बसवणार आहे, टूलचे ड्रॉवर, पाण्याचे दोन कॅन, वर कॅरिअर. उस्ताद म्हणाला, "कुठंय?" मी म्हटलं, "घेणार आहे." 'उद्यापासून चालायला जाणार' असं सांगणाऱ्या पेशंटकडे डॉक्टर बघतात ना, अगदी तसं बघितलं त्याने. मग सांगितलं की स्प्रिंग उंचीवर नाही, वजनावर घ्यायची असते, तेवढं वजन नसेल तर ती दबतच नाही, आणि न दबणारी स्प्रिंग म्हणजे नुसता लोखंडी दांडा. पुढे त्याने मला साधीच घ्यायला लावली. मागे मात्र मी ऐकलं नाही, कायम शंभर किलो जादा वाली सांगितली, म्हणजे उद्या फ्रिज आला की परत खर्च नको!

हे झालं स्प्रिंगांचं. शॉकपने तर माझी झोप घालवली. स्प्रिंग वजन पेलते पण तिला उड्या मारायची हौस भारी, एकदा खड्डा लागला की वरखाली चालूच, तर तिला धरून खाली बसवायचं काम शॉकपचं. आतला पिस्टन तेलाला बारीक भोकांतून ढकलतो आणि उड्यांची सगळी मस्ती तेल गरम होण्यात जिरते. इथपर्यंत सोपं आहे. पुढे घ्यायचा कुठला? मोनोट्यूबमध्ये एकच नळी, तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन, उष्णता पटकन बाहेर जाते, पण दगड लागून नळी चेपली की पिस्टन अडकलाच. ट्विनट्यूबमध्ये नळीत नळी, बाहेरची थोडी चेपली तरी आतलं काम चालू राहतं, पण ती गरम लवकर होते आणि तेलाचा फेस व्हायची भीती. एका रात्री बायको उठून म्हणाली, "दीड वाजलाय. झोपेत फेस फेस काय बडबडतोयस?" मी झोपलेलो नव्हतो. शेवटी ट्विनट्यूब घेतले. मोनोट्यूब परवडत नव्हते हे खरं कारण, दगडाचं घरी सांगायला.

आणि दोन इंच उचलणं म्हणजे नुसतं दोन इंच उचलणं नसतं हे पैसे भरायला लागल्यावर कळलं. गाडी वर गेली की पॅनहार्ड रॉडमुळे (चाकांचा कणा, म्हणजे अ‍ॅक्सल, गाडीच्या सांगाड्याला आडवा धरून ठेवणारा दांडा) अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, म्हणून अ‍ॅडजस्ट होणारा रॉड. कॅस्टर, म्हणजे पुढची चाकं ज्या रेषेभोवती वळतात तिचा मागे झुकलेला कोन, बदलतो, स्टिअरिंग सरळ यायला कंटाळा करतं, म्हणून सांध्यांतले बुश वेगळे. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, ते खाली घ्या. चार स्प्रिंगांच्या मागे अख्खं वऱ्हाड आलं जेवायला.

गाडी तयार झाली तेव्हा नमस्कार घालत असल्यासारखी पुढे झुकलेली. मागून कडक म्हणजे किती कडक, तर घोडबंदर रोडला रस्त्यावर पडलेलं नाणं छापा आहे की काटा ते कमरेला कळावं. आई मागे बसलेली, माजिवड्यापर्यंत गप्प होती, मग म्हणाली, "लहानपणी वाड्याला एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून जायचो, तसंच वाटतंय हो. फक्त तिकीट स्वस्त होतं."

उस्तादला फोन केला. तो म्हणाला, "फ्रिज आला का?"

फ्रिजची किंमत बघून मी फ्रिजचा नाद सोडलाय. पण गेल्या महिन्यात वाड्याला मामाकडे गेलो, येताना त्याने वाडा कोलमच्या पंचवीस-पंचवीस किलोच्या चार गोण्या डिकीत टाकल्या आणि काय सांगू, गाडी बसली! मागून अशी अलगद दबली की भिवंडी-वाडा रस्त्यावर, आणि तो रस्ता काय आहे ते ठाणेकराला सांगायला नको, त्या रस्त्यावर आई चक्क झोपली. बायको म्हणाली, "अय्या, केलं वाटतं ठीक."

घरी आल्यावर मी म्हटलं, गोण्या उद्या काढतो.

त्याला पाच आठवडे झाले. आई रोज सकाळी डबा घेऊन पार्किंगमध्ये येते आणि डिकी उघडून दिवसापुरते तांदूळ काढून नेते. वॉचमनला वाटतं आम्ही धंदा टाकलाय, तो भाव विचारत होता. पोरकिडे होऊ नयेत म्हणून आईने गोण्यांमध्ये कडुलिंबाचा पाला घातलाय, त्यामुळे एसी लावला की गाडीत काढ्याचा वास येतो. पहिली गोणी परवा संपली आणि काल मानपाड्याच्या सिग्नलपुढे मागचं चाक परत जरा कडक आपटलं.

मामाला फोन केलाय. रविवारी जातोय.